गोठ्याचे दप्तर : कौटुंबिक दूध व्यवसायाचे जुने कागद कसे लावावेत आणि कसे वाचावेत

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. करवीर तालुक्यातील आपल्या कुटुंबाचा दूध व्यवसाय आता तिसऱ्या पिढीकडे आला आहे. आजोबा म्हशी घेऊन कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर जात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध देत. वडिलांनी गावातील दूध संस्थेला दूध घालण्यास सुरुवात केली, आणि आज आपला मुक्तसंचार गोठा असून काही दूध आपण स्वतःच्या पिशवीतून विकता. माळ्यावरील दोन ट्रंकांमध्ये वह्या, बिले, पासबुके व पावत्या आहेत. त्या कशा लावाव्यात, काय टाकून द्यावे, त्यातून व्यवसायाचा इतिहास लिहिता येईल का, आणि चुलतबंधूंच्या आग्रहाप्रमाणे पिशवीवर ‘स्थापना १९४८’ असे छापावे का, असे आपण विचारले आहे. सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणात माझी बरीच वर्षे गेली आणि पुढे अशी घरगुती दप्तरे लावून देण्याचे काम माझ्याकडे येत गेले. त्या अनुभवावरून उत्तर देतो.

सर्वांत आधी एक विनंती आहे: ट्रंक उघडल्याबरोबर कागद वर्षवार लावायला बसू नये. बहुतेक जण उत्साहाने पहिल्याच दिवशी हे करतात, आणि त्यामुळे जे नष्ट होते ते पुन्हा मिळत नाही. कोणता कागद कोणाशेजारी होता, कोणत्या पुडक्यात किंवा कोणत्या तारेत ओवलेला होता, ही स्वतःच एक नोंद असते. दुधाच्या बिलांबरोबर त्याच तारेत सरकी पेंडीच्या दुकानाची बिले ओवलेली असतील, तर दुधाचा पगार हाती आला की त्याच दिवशी पेंडीची उधारी भागवली जात होती, असा अंदाज बांधता येतो, आणि दोन्हींच्या तारखा जुळल्या की तो पक्का होतो. तीच बिले वेगवेगळ्या फायलींत गेली, की हा संबंध कोणाच्याही लक्षात येणार नाही. म्हणून प्रत्येक पुडके आहे तसे बाहेर काढावे, त्याचे छायाचित्र घ्यावे, त्याला क्रमांक द्यावा आणि आतील प्रत्येक कागदावर मऊ पेन्सिलीने पुडक्याचा व कागदाचा क्रमांक लिहावा. वर्षवार यादी संगणकावर करावी. कागद मात्र मूळ क्रमानेच राहू द्यावेत. आपल्याकडील जुन्या दप्तरखान्यांत कागद कापडी रुमालांत बांधून ठेवण्याची पद्धत होती आणि घरगुती कागदांसाठी ती आजही उत्तम आहे. धुतलेले सुती कापड कागदाला श्वास घेऊ देते, प्लास्टिकची पिशवी ओल धरते.

टाचण्या आणि स्टेपलच्या पिना गंजून कागद खातात, त्या सावकाश काढाव्यात. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नये आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नये, कारण ते कागदाला इजा न होता पुन्हा काढता येत नाही. पंचगंगेच्या २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत आपल्या भागातील अनेक घरांतले कागद भिजले. आपल्याकडील भिजून चिकटलेल्या वह्या असतील तर त्या जबरदस्तीने उलगडू नयेत, त्यासाठी जाणकाराची मदत घ्यावी. सर्वांत तातडीचे काम मात्र जुन्या वह्यांचे नसून अलीकडच्या पावत्यांचे आहे. संस्थेत स्वयंचलित संकलन यंत्र आल्यापासून लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातील इतर घन पदार्थ) आणि दर छापून येणारी जी छोटी चिठ्ठी मिळते, ती बऱ्याच ठिकाणी उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर असते आणि काही वर्षांत कोरी होते. सत्तर वर्षांपूर्वीची शाईने लिहिलेली वही वाचता येईल आणि दहा वर्षांपूर्वीची चिठ्ठी वाचता येणार नाही, अशी ही विचित्र परिस्थिती आहे. त्या चिठ्ठ्यांची छायाचित्रे आधी घ्यावीत, आणि संस्थेकडून दरवर्षी आपल्या सभासद खात्याचा उतारा छापून, सही-शिक्क्यासह मागून घेण्याची सवय आजपासून लावावी.

आता वाचनाकडे वळू. आपण पाठविलेल्या छायाचित्रांतील सर्वांत जुनी वही रतिबाची आहे आणि तिच्यावर ‘शके १८७४, कार्तिक’ असे लिहिलेले आहे. शकात ७८ मिळवले की चैत्रापासून डिसेंबरपर्यंतचे इसवी सन मिळते आणि त्यापुढे फाल्गुनापर्यंत ७९ मिळवावे लागतात. म्हणजे ही वही १९५२ च्या दिवाळीत सुरू झाली. दिवाळी पाडव्याला नवी वही घालण्याचा रिवाज पाहता ते स्वाभाविकच आहे. पेंडीच्या व्यापाऱ्यांची बिले गुजराती पद्धतीच्या विक्रम संवतात असू शकतात. त्यातून कार्तिक ते डिसेंबर या काळासाठी ५७ आणि पुढच्या महिन्यांसाठी ५६ वजा करावेत. सहकारी संस्थांचे वर्ष पूर्वी ३० जूनला संपत असे, महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होते आणि आयकराचे वर्ष मार्चअखेर संपते. त्यामुळे ‘अमुक वर्षाचा नफा’ असा उल्लेख दिसला, की तो कोणत्या वर्षाचा हे आधी ठरवावे. मी पाहिलेल्या घरगुती इतिहासांत सर्वाधिक घोटाळे इथेच झालेले आहेत.

रकमांच्या बाबतीत १ एप्रिल १९५७ ही सीमारेषा धरावी. त्याआधीचा रुपया सोळा आण्यांचा, आणा बारा पैंचा. जुन्या हिशेबी लिखाणात उभी रेघ पाव रुपयाची म्हणजे चार आण्यांची आणि आडवी रेघ एका आण्याची असते, म्हणजे ‘३।=’ ही नोंद तीन रुपये सहा आणे अशी वाचावी, आजच्या हिशेबात ३ रुपये साडेसदतीस पैसे. काही पाने मोडीत असतील तर घाबरू नये. कोल्हापुरात मोडी वाचणारे जाणकार आहेत, आणि हिशेबाच्या मोडीत तेच ते शब्द पुन्हा पुन्हा येत असल्यामुळे पत्रव्यवहारापेक्षा ती लवकर उलगडते.

मापांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. ऐंशी तोळ्यांचा शेर वजनाने सुमारे ९३३ ग्रॅम भरतो आणि तेवढ्या वजनाचे दूध साधारण ०.९ लिटर होते. परंतु दूध बहुधा मापाने दिले जाई आणि मापाचा शेर गावोगावी सारखा नव्हता, म्हणून सरसकट गुणाकार करणे धोक्याचे आहे. याचे उत्तर आपल्याच वहीत सापडण्याची शक्यता आहे. १९५६ च्या कायद्यानंतर मेट्रिक मापे टप्प्याटप्प्याने आली आणि साठच्या दशकाच्या आरंभी ती सक्तीची झाली. त्या संक्रमणाच्या महिन्यांत रोज शेरभर दूध घेणारे गिऱ्हाईक लिटरवर गेल्यावर त्याच्या महिन्याच्या बिलाची रक्कम किती बदलली, हे दहा-बारा गिऱ्हाइकांच्या बाबतीत पाहिले, आणि त्या काळात दर स्थिर असल्याची खात्री केली, तर आजोबांचे माप किती मोठे होते हे आजोबांच्याच नोंदींवरून काढता येईल. बाहेरच्या कोणत्याही कोष्टकापेक्षा मी या उत्तरावर जास्त विश्वास ठेवीन.

रतिबाच्या वहीत गिऱ्हाइकाचे नाव, रोजचे माप आणि खाडे असतात. खाड्यांकडे विशेष लक्ष द्यावे. सगळ्या गिऱ्हाइकांचे एकाच दिवशी खाडे असतील तर दूध गावाबाहेर पडू शकले नाही किंवा गोठ्यात काही घडले, असा अर्थ संभवतो. एकाच घरचे महिनाभर खाडे असतील तर ते कुटुंब परगावी गेलेले असेल. नवे गिऱ्हाईक न घेता काहींचे माप हळूहळू कमी केलेले दिसले, तर म्हैस आटत चालली होती आणि असलेले दूध वाटून दिले जात होते. अशा रीतीने जनावराची स्वतंत्र नोंद नसतानाही गोठ्यातील दुधाचा चढउतार कळतो.

तरी माझ्या मते आपल्या दप्तरातील सर्वांत मोलाचा भाग आहे तो संस्थेच्या दहा दिवसांच्या बिलांचा, आणि त्यातही कपातीच्या रकान्याचा. जिल्ह्याचा दूध संघ १६ मार्च १९६३ रोजी स्थापन झाला, १९७० पासून देशभर दूध महापूर योजना सुरू झाली आणि गावोगावच्या संस्थांमुळे दुधाचा पैसा ठरलेल्या दिवशी हातात पडू लागला. हा मोठा इतिहास सर्वांना माहीत आहे आणि आपल्या पुस्तिकेत तो दोन परिच्छेदांपेक्षा अधिक नसावा. आपल्या घरात नेमके काय बदलले, ते कपाती सांगतात. लिटर, फॅट आणि दर यांच्या पुढे पशुखाद्य, बँकेचा हप्ता, विमा, भाग (शेअर), ठेव, उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) असे रकाने असतात. १९७० नंतरच्या कोणत्या बिलात बँकेचा हप्ता प्रथम दिसतो ते पाहा. त्याच सुमारास सातबाऱ्यावर बोजा चढलेला असेल, फेरफाराची तारीख मिळेल आणि बहुधा जनावरांच्या बाजाराची पावतीही त्याच पुडक्यात सापडेल. हे तीन कागद एकत्र आले की ‘वडिलांनी कर्ज काढून दोन म्हशी आणल्या’ या ऐकीव वाक्याला तारीख, रक्कम आणि बाजार मिळतो. पुढे हप्ता कधी थांबला, मध्ये कोणत्या काळात तो चुकला, त्या वेळी दूध कमी होते की दर पडलेला होता, हेही त्याच बिलांतून कळते. दिवाळीला मिळणाऱ्या दूध फरकाची, म्हणजे वर्षभर घातलेल्या दुधावर संस्था नंतर देते त्या वाढीव दराची, रक्कम स्वतंत्रपणे काढावी, कारण अनेक घरांत मोठे खर्च, जसे गोठ्याचा पत्रा, मुलीचे लग्न, विहिरीची मोटार, त्या रकमेच्या आधाराने झालेले असतात, आणि ती रक्कम धरली नाही तर वर्षाचा हिशेब तोट्यात दिसतो.

वेगवेगळ्या काळांतील दर रुपयांत मांडून तुलना करण्याचा मोह टाळावा. १९६५ चा दर आणि आजचा दर शेजारी ठेवले तर वाचणारा थक्क होतो, पण त्याला काही समजत नाही. त्याऐवजी प्रत्येक वर्षी एक लिटर दूध विकून किती किलो सरकी पेंड येत होती, हे प्रमाण काढावे. दोन्ही किमती आपल्याच कागदांत असल्यामुळे बाहेरून काहीही आणावे लागत नाही. हा एकच आकडा वर्षानुवर्षे मांडला, तर कोणत्या काळात गोठा सुखात होता आणि कोणत्या काळात जनावरे दावणीला ठेवणे जड झाले होते, ते स्पष्ट दिसेल. १९७२ च्या दुष्काळाच्या आसपासची आणि २०२० च्या टाळेबंदीच्या काळातील बिले या दृष्टीने मुद्दाम पाहावीत. म्हैस व गाय यांचे आकडे मात्र वेगळे ठेवावेत. म्हशीच्या दुधाचा दर ६.० फॅट व ९.० एसएनएफ आणि गाईच्या दुधाचा ३.५ व ८.५ या पायावर धरला जातो, त्यामुळे एकत्र सरासरी काढल्यास संकरित गाई आल्या त्या वर्षी दर कोसळल्याचा भास होईल.

जनावरांच्या नोंदी आपल्याकडे तुटक आहेत असे आपण लिहिले आहे, आणि जवळपास प्रत्येक गोठ्याची हीच स्थिती असते. गेल्या काही वर्षांत कानातील बिल्ल्यावरील बारा अंकी क्रमांकामुळे जनावराची ओळख पक्की झाली; त्यापूर्वी ‘मोरी’, ‘चंद्री’, ‘वडगावची’ एवढीच ओळख असे. तरीही कृत्रिम रेतनाची पावती, दूध एकदम वाढल्याची तारीख आणि दूध आटल्याची तारीख यांवरून एकेका जनावराची वेते जुळवता येतात. म्हैस सुमारे ३१० दिवसांनी आणि गाय सुमारे २८० दिवसांनी विते, हे गणित हाती ठेवावे. विम्याच्या दाव्याचे कागद असतील तर ते सोन्यासारखे जपावेत, कारण त्यांत जनावराचे वय, जात, वेत, दूध आणि किंमत एकाच ठिकाणी लिहिलेली असते. दावा मिळविण्यासाठी लिहिलेला तो कागद असल्यामुळे त्यातील किंमत थोडी साशंकतेनेच वाचावी.

यापुढचा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. हे सगळे कागद विक्रीचे आहेत, उत्पादनाचे नाहीत. घरात ठेवलेले दूध, पारड्याला पाजलेले दूध, शेजारी दिलेला चीक, घरच्या तुपासाठी विरजलेले दूध यांची नोंद कोठेही नसते. घरच्या शेतातील उसाचे वाडे, कडबा आणि बांधावरचे गवत यांना किंमत लावलेली नसते, आणि शेतात गेलेले शेणखत जमेच्या बाजूला येत नाही. सर्वांत मोठी गाळलेली नोंद श्रमांची असते. पहाटे धार काढणारी, आंबोण भिजवणारी, शेण काढणारी आणि दूध संस्थेत पोहोचवणारी व्यक्ती बहुधा घरातील स्त्री असते, तर सभासदत्व, पासबुक आणि पुरस्काराचे प्रशस्तिपत्र पुरुषाच्या नावावर असते. आपल्या पुस्तिकेत केवळ कागदावरची नावे आली, तर ती अर्धवट ठरेल. आपल्या आजी व आई हयात असतील तर त्यांच्याशी बोलताना ‘त्या काळाबद्दल काही सांगा’ असे विचारू नये. एक विशिष्ट बिल किंवा वहीचे पान वाचून दाखवावे आणि या आठवड्यात दूध निम्म्यावर का आले होते, असे विचारावे. आठवण अशा नेमक्या आकड्याला धरून चांगली बाहेर येते. जे सांगितले जाईल ते सांगणाऱ्याच्या नावाने आणि तारखेने वेगळ्या वहीत लिहावे, कागदावरून काढलेल्या माहितीत मिसळू नये.

आता स्थापनेचे वर्ष. आपल्या हातातील सर्वांत जुना पुरावा १९५२ च्या दिवाळीचा आहे. त्या वहीत पहिल्याच पानावर ‘मागील बाकी’ असेल, तर त्याआधीही व्यवहार सुरू होता हे सिद्ध होते, पण तो किती आधीपासून हे सिद्ध होत नाही. १९४८ मध्ये कोल्हापूर हे अजून संस्थान होते. ते १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. त्यामुळे त्या काळातील एखादा सरकारी कागद शोधायचा असेल तर कोल्हापूर पुराभिलेखागारात चौकशी करावी लागेल, आणि तेथे एका साध्या शेतकरी कुटुंबाच्या म्हशींचा उल्लेख मिळण्याची आशा फारशी धरू नये. माझे स्पष्ट मत असे आहे, की पिशवीवर १९५२ छापावे आणि पुस्तिकेत ‘घरातील सांगण्याप्रमाणे व्यवसाय १९४८ च्या सुमारास सुरू झाला, सर्वांत जुनी उपलब्ध वही १९५२ ची आहे’ असे लिहावे. चार वर्षांच्या फरकाने कोणाचे दूध जास्त विकले जाणार नाही, आणि दाखवता येत नाही असे वर्ष छापले की बाकीच्या खऱ्या माहितीवरही शंका घेतली जाते.

चुलतबंधूंचा विषय निघालाच आहे तर त्यांच्या घरीही कागद असतील, हे लक्षात घ्यावे. वाटणी झाली की जनावरे, गोठा आणि जमीन यांबरोबर दप्तरही विभागले जाते, आणि ते कोणीही ठरवून विभागत नाही. ज्याच्या खोलीत ट्रंक, त्याच्याकडे कागद राहतात. वाटणीपत्र, त्यावरून झालेला फेरफार आणि गोठ्याच्या इमारतीसाठी ग्रामपंचायतीचा आकारणी उतारा मिळवून पाहावा. वाटणीच्या वर्षी दोन सभासद क्रमांक झाले असतील, तर त्यानंतरचा आलेख एकाच शाखेचा राहतो आणि दूध निम्म्याने घटल्यासारखे दिसते. ती घट व्यवसायाची नसून घर विभागल्याची आहे, हे वाचकाला सांगितलेच पाहिजे.

टाकून देण्याबाबत थोडक्यात सांगतो. दूध विक्रीचे उत्पन्न आयकराच्या दृष्टीने शेती उत्पन्न धरले जात नाही, त्यामुळे अलीकडच्या वर्षांचे हिशेब व आधारकागद करसल्लागाराच्या सांगण्याप्रमाणे सांभाळणे आवश्यक आहे. व्यवसाय जीएसटीखाली नोंदवलेला असेल तर वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने नोंदी ठेवाव्या लागतात. ही मुदत संपल्यावर विजेची बिले, डिझेलच्या पावत्या, एकाच खरेदीच्या दुबार प्रती टाकण्यास हरकत नाही, परंतु प्रत्येक वर्षातील एक महिना नमुना म्हणून पूर्ण ठेवावा. जमीन, कर्जफेड, वाटणी आणि विमा यांचे कागद कधीही टाकू नयेत. कर्ज फिटल्याचा दाखला नसल्यामुळे सातबाऱ्यावर जुना बोजा तसाच राहिलेली प्रकरणे मी बरीच पाहिली आहेत.

आपण पाठविलेल्या शेवटच्या दोन छायाचित्रांत मला संस्थेचे प्रोसिडिंग बुक (सभांच्या इतिवृत्ताची वही) आणि सभासद नोंदवही दिसते. आपले वडील काही काळ संस्थेचे सचिव होते, त्या वेळी ती घरी राहिली असावीत. ही पुस्तके कुटुंबाची नसून संस्थेची आहेत. त्यांची छायाचित्रे घेण्यासाठी संस्थेची लेखी संमती घ्यावी आणि मूळ पुस्तके पोच घेऊन परत करावीत. लेखापरीक्षणात गहाळ दाखवलेले दप्तर सापडल्याने संस्थेचेही काम सोपे होईल. त्याचप्रमाणे रतिबाच्या वह्यांत कोणाकडे किती उधारी थकली होती हे नावानिशी लिहिलेले आहे. त्या घरांतील माणसे आजही कोल्हापुरात राहतात. पुस्तिकेत पान छापताना नावे झाकावीत आणि थकबाकीचे आकडे एकत्रित स्वरूपातच द्यावेत.